फिटरचे पाच पेपर: डिप्लोमाच्या तिसऱ्या सेमचं एक प्रकरण

ज्या मुलाबद्दल लिहितेय त्याचं नाव देत नाही. बॅचमधे सगळे त्याला फिटरच म्हणायचे, कारण तो आयटीआयला फिटर ट्रेड करून मेकॅनिकल डिप्लोमाच्या डायरेक्ट सेकंड इयरला आलेला. घर नाशिकच्या सिडकोत, वडील सातपूर एमआयडीसीत ऑपरेटर, कॉलेज पार नाशिकरोडकडे म्हणजे दिवसाचे दोनेक तास सिटीलिंकच्या बसमधे उभ्याउभ्या जाणार, आणि शनिवार-रविवार अंबडला मामाच्या वर्कशॉपवर. मी सिडकोतच घरी डिप्लोमाच्या मुलांना शिकवते, आधी काही वर्षं एका कंपनीत क्वालिटीला होते. डायरेक्ट सेकंड इयरची पोरं माझ्याकडे येत असतात आणि त्यांचं दुखणं बाकीच्यांपेक्षा वेगळं असतं, हात मस्त चालतो पण डिप्लोमाच्या फर्स्ट इयरचं मॅथ्स आणि मेकॅनिक्स झालेलंच नसतं, आणि मास्तर लोक ते झालंय असं धरूनच पुढे शिकवतात.

तर तिसरं सेमिस्टर, एमएसबीटीईची म्हणजे डिप्लोमाच्या राज्य बोर्डाची तेव्हाची आय स्कीम (अभ्यासक्रमाचा आराखडा), हिवाळी परीक्षा. ड्रॉइंग सोडलं तर थिअरीचे पाच विषय: स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स ज्याला सगळे सॉम म्हणतात, थर्मल, बेसिक इलेक्ट्रिकल-इलेक्ट्रॉनिक्स, मेट्रॉलॉजी (मोजमापाचं शास्त्र) आणि मटेरियल्स. प्रत्येक पेपर ७० चा, तीन तास, पास व्हायला २८. दिवाळी झाली, मायक्रो प्रोजेक्ट आणि फाईलींवर सह्या घेत फिरण्यात आणखी काही दिवस गेले, आणि तो माझ्याकडे आला तेव्हा पहिल्या पेपरला साधारण तीन आठवडे उरलेले.

आळशी अजिबात नव्हता हे आधी सांगते, कारण असं पोरगं अडकलं की घरच्यांचा पहिला संशय तोच असतो. पहाटे उठायचा, अभ्यासिकेत जागा धरायचा, रात्री दहाला घरी. टाइमटेबल स्केलने आखलेलं होतं: चार दिवस सॉम, चार दिवस थर्मल, चार दिवस मटेरियल्स, मग मेट्रॉलॉजी, आणि उरलेल्या वेळात इलेक्ट्रिकल "बघू". म्हणजे इलेक्ट्रिकल ऑप्शनला टाकलेलं, फक्त तसं स्वतःशी कबूल केलं नव्हतं. वह्या तर बघण्यासारख्या होत्या, बोर्डाच्या साइटवरची मॉडेल आन्सर्स काढून निळ्या-काळ्या पेनाने उतरवलेली, आकृत्या पेन्सिलने, हेडिंगला अंडरलाइन. कुठल्याही पालकाला वाटेल पोरगं नव्वद टक्के आणणार.

मी त्याला कोरा कागद दिला आणि एकच गणित घातलं. चार मीटरचा सिम्पली सपोर्टेड म्हणजे दोन टोकांना टेकवलेला बीम, पूर्ण लांबीवर मीटरला १० किलोन्यूटन यूडीएल (सारखा पसरलेला भार), शिअर फोर्स आणि बेंडिंग मोमेंट डायग्राम काढ. हे म्हणजे त्या युनिटमधलं सगळ्यात गरीब गणित. त्याने बीम काढला, रिअॅक्शन २० आणि २० बरोबर लिहिल्या, आणि थांबला. मग वर बघून म्हणाला, ताई हे मी केलंय, वहीत आहे, परवाच केलंय. खरंच होतं, वहीत आकडे वेगळे पण गणित तेच होतं, मॅक्झिमम मोमेंटसाठी डब्ल्यू एल स्क्वेअर बाय ८ असं चौकटीत लिहिलेलं. इथे उत्तर २० किलोन्यूटन मीटर येतं, पण डायग्राम पॅराबोला का येतो आणि मॅक्झिमम मधेच का येतं हे त्याच्याकडून निघेना. उतरवताना डोळ्याला सगळं ओळखीचं वाटत गेलं, आणि ओळखीचं वाटलं म्हणजे आलं असं त्याने धरलं.

मग मेट्रॉलॉजीतलं विचारलं, साइन बार (कोन मोजायची पट्टी) कसा वापरतात. आणि काय सांगू, तोंडी जे सांगितलं ना त्याने, सरफेस प्लेट पुसण्यापासून स्लिप गेज (ठरावीक जाडीचे ठोकळे) एकमेकांवर घासून कसे चिकटवायचे, डायल कसा फिरवायचा, आमच्या कंपनीतल्या ट्रेनीला ऐकवावं असं. म्हणलं आता हेच लिही. चार ओळी लिहिल्या, आकृती नाही, साइन थीटा बरोबर एच बाय एल हे सूत्रसुद्धा नाही, आणि ४५ अंशाच्या वर साइन बार का वापरत नाहीत याला उत्तर "एरर येतो" एवढंच. कोन वाढत जातो तशी उंचीतली तेवढीच बारीक चूक कोनात मोठी होऊन दिसते, हे त्याला माहीत होतं, विचारल्यावर सांगितलं, पण कागदावर उतरलं नाही. म्हणजे एकाच पोराला दोन दुखणी. एका विषयात न येता आल्यासारखं वाटतंय, दुसऱ्यात येतंय पण लिहिता येत नाही. दोन्ही वही बघून कळत नाहीत, कोऱ्या कागदावरच कळतात.

इथे थोडं संशोधनाचं सांगते, कारण फिटरचा माझ्यावर विश्वास बसला तो या आकड्यांमुळे. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक यांनी अमेरिकेत कॉलेजच्या मुलांवर प्रयोग केला, एका गटाने उतारा चार फेऱ्यांत वाचला, दुसऱ्याने एकाच फेरीत वाचून पुढच्या तीन फेऱ्यांत न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर वाचणारे पुढे, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने घेतली तर वाचणारे ४० वर आणि आठवून लिहिणारे ६१ वर. गंमत बघा, वाचणाऱ्याला त्या दिवशी आपलं जास्त चांगलं चाललंय असंच वाटणार, कारण त्या दिवशी ते खरंच चांगलं असतं. पण आपला पेपर पाच मिनिटांनी नसतो ना.

दुसरा प्रयोग रोहरर आणि टेलर यांचा, २००७ चा, आणि हा तर थेट गणितवाल्यांसाठी आहे. घनाकृतींचं आकारमान काढायची गणितं, एका गटाला एका प्रकारची सगळी एकदम आणि मग पुढचा प्रकार, दुसऱ्याला सगळे प्रकार मिसळून. सराव करताना पहिल्या गटाची ८९ टक्के गणितं बरोबर आली, मिसळलेल्यांची ६०. आठवड्याने परीक्षेत पहिला गट २० टक्क्यांवर, मिसळलेला ६३ वर. कारण सरळ आहे, एकाच प्रकारची दहा गणितं सलग केली की सूत्र कुठलं हा प्रश्नच उरत नाही, फक्त आकडे टाकायचे. पेपरात मात्र अर्धी मारामारी सूत्र कुठलं हीच असते.

आता फिटरचं टाइमटेबल परत बघा. चार दिवस सलग सॉम, मग पेपरापर्यंत दोन-अडीच आठवडे सॉमचं तोंड बघायचं नाही. विषय "संपवायचा" हा जो शब्द पोरं वापरतात तो माझ्या डोक्यात जातो, पाच विषय ओळीने संपवत गेलं की पाचवा हातात येईपर्यंत पहिला गेलेला असतो आणि मग पेपराच्या आदल्या रात्री परत शून्यापासून. पाच टेक्निकल विषय एकत्र असले की ते रोज थोडे थोडे जिवंत ठेवावे लागतात, दुसरा मार्ग मला तरी माहीत नाही.

आम्ही पहिले दोन दिवस नवीन काहीच वाचलं नाही. प्रत्येक विषयाचा एक जुना पेपर घेऊन बसवलं, वही बंद, मोबाईल माझ्या फ्रिजवर. त्याला भयंकर राग आला, म्हणे अभ्यासच झाला नाही तर पेपर काय सोडवू, आणि खरंच अपमान वाटतो माणसाला, सॉमच्या पेपरात पानंच्या पानं कोरी राहिली. पण त्यातून जे कळलं ते कुठल्याच टाइमटेबलमधून कळलं नसतं. मटेरियल्स निम्मं येत होतं, मेट्रॉलॉजी डोक्यात होतं, थर्मलची थिअरी बरी आणि गणितं शून्य, सॉम अर्धवट, इलेक्ट्रिकल म्हणजे पाटी कोरी.

दुसरी गोष्ट, पेपरचा साचा. बोर्डाचा पेपर सहा प्रश्नांचा. पहिल्यात दोन मार्कांचे कोणतेही पाच, दुसऱ्या-तिसऱ्या-चौथ्यात चार मार्कांचे कोणतेही तीन-तीन, पाचव्या-सहाव्यात सहा मार्कांचे कोणतेही दोन-दोन. एका मार्काला अडीच मिनिटं येतात, म्हणजे चार मार्कांना दहा मिनिटं आणि सहाला पंधरा. आणि प्रत्येक विषयाच्या अभ्यासक्रमात एक स्पेसिफिकेशन टेबल असतं, कुठल्या युनिटला किती मार्क, त्यातले नुसते आठवायचे किती, समजून लिहायचे किती आणि वापरून दाखवायचे किती. सरकारी कागद, फुकट मिळतो, आणि पोरं तो सोडून ग्रुपवर फिरणाऱ्या आयएमपी प्रश्नांच्या मागे.

तिसरी गोष्ट तर मला वाटतं सगळ्यात कामाची. मॉडेल आन्सरचं पहिलं पान कोणी वाचत नाही, फिटरनेही दरवेळी ते सोडून पुढून उतरवायला घेतलेलं. त्या पानावर तपासणाऱ्याला सूचना असतात: उत्तर शब्दाला शब्द जुळवून बघू नका, मुद्द्याचे शब्द बघा, व्याकरण-स्पेलिंगच्या चुकांना फार महत्त्व देऊ नका, आकृतीत मुख्य भाग दाखवले असतील तर मार्क द्या, गणितात टप्प्याटप्प्याने मार्क द्या. मी ते पान त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेतलं. त्याला इंग्रजीची जबर भीती होती, म्हणून तर पाठ करत होता, वाक्य चुकलं तर मार्क जातील म्हणून. त्या पानाने जेवढं काम केलं तेवढं माझ्या समजावण्याने झालं नसतं.

मग भांडण झालं ते इलेक्ट्रिकलवरून. तो म्हणे ताई केटी लागली (विषय राहिला) तर लागू दे, उन्हाळ्यात काढतो, बाकी चार नीट करतो. माझं म्हणणं उलटं होतं. ज्या विषयात आपण शून्यावर आहोत तिथले पहिले मार्क सगळ्यात स्वस्त असतात. मटेरियल्समधे ५० चे ५५ करायला जेवढी झटापट लागेल तेवढ्यात इलेक्ट्रिकलमधे शून्याचे १५ होतात. कागदावर मांडून दाखवलं: दोन मार्कांच्या प्रश्नात व्याख्या, सिम्बॉल, सिंक्रोनस स्पीड १२० एफ बाय पी (५० हर्ट्झ, चार पोल, १५०० आरपीएम, संपलं), असे ८ मिळाले तर पासिंगला उरले २० म्हणजे चार मार्कांचे पाच प्रश्न. ट्रान्सफॉर्मरचं तत्त्व आणि ४.४४ वालं ईएमएफ समीकरण, इंडक्शन मोटर, डायोड आणि रेक्टिफायरच्या आकृत्या, ट्रान्झिस्टर, हे एवढं धरलं तरी निवडायला जागा राहते. वर्कशॉपवर दर शनिवार-रविवार थ्री फेज मोटर चालवणाऱ्या पोराने मोटर ऑप्शनला टाकावी हे मला पटतच नव्हतं. शेवटी रोज सकाळी पाऊण तास, त्याहून जास्त नाही, असं ठरलं.

बाकी दिवसाचं असं झालं की सकाळी एक गणिताचा विषय, दुपारी एक थिअरीचा, आणि संध्याकाळी डबा. डबा म्हणजे आईने दिलेला स्टीलचा रिकामा डबा, त्यात जुन्या पेपरातले प्रश्न कापून चिठ्ठ्या टाकलेल्या, पाचही विषय मिसळून, हात घालायचा, येईल तो प्रश्न वही न बघता लिहायचा, घड्याळ लावून. बरोबर आला तर चिठ्ठीवर टिक करून परत आत, तीन वेगवेगळ्या दिवशी टिक मिळाली की बाहेर. चुकला तर मॉडेल आन्सर उघडायचं, पण फक्त अडलेली पायरी बघून बंद करायचं आणि दुसऱ्या दिवशी तोच परत. सुरुवातीचे काही दिवस डबा रिकामा होण्याऐवजी भरतच चाललेला आणि पोराचं तोंड बघवत नव्हतं.

सॉमचं गणिताचं कच्चेपण तीन आठवड्यांत भरून निघत नाही, ते मी स्पष्ट सांगितलं. पण टप्प्याचे मार्क डोळ्यापुढे ठेवले की बरंच होतं. दिलेलं काय, काढायचं काय, एकक एकसारखी करून घे (मिलिमीटर आणि मीटरच्या घोळात इथे निम्मे मार्क जातात), सूत्र लिही, मग आकडे. एम बाय आय बरोबर सिग्मा बाय वाय हे बेंडिंगचं सूत्र त्याला पाठ होतं, पण वाय म्हणजे न्यूट्रल अॅक्सिसपासूनचं अंतर, म्हणून टी-सेक्शनला आधी सेंट्रॉइड काढावा लागतो, ही साखळी तुटत होती. ती त्याला रोज एकदा उलटी म्हणायला लावली, शेवटून सुरुवातीला: स्ट्रेस हवा तर काय लागेल, त्यासाठी काय लागेल, असं करत आकृतीपर्यंत.

थर्मलची गंमत वेगळीच. पेपरावर छापलेलं असतं की स्टीम टेबल वापरायला परवानगी आहे, आणि या पठ्ठ्याने स्टीम टेबल कधी उघडलंच नव्हतं, कारण मॉडेल आन्सरमधे आकडे आयते असतात. १० बार, ड्रायनेस फ्रॅक्शन (कोरड्या वाफेचं प्रमाण) ०.९, एन्थाल्पी (वाफेतली एकूण उष्णता) काढ म्हणलं तर आधी प्रेशरचा तक्ता आणि टेंपरेचरचा तक्ता यातच अडकला. एचएफ अधिक एक्स गुणिले एचएफजी, किलोला २५७५ किलोज्यूलच्या आसपास येतं, दोन ओळींचं काम. चार-पाच संध्याकाळी नुसती टेबलं चाळली, मग ती गणितं त्याला सॉमपेक्षा सोपी वाटायला लागली.

मटेरियल्सला एकच नियम, रोज उठल्यावर आयर्न-कार्बन डायग्राम न बघता काढायचा. ०.८ टक्क्याला युटेक्टॉइड, ७२७ अंशाची रेषा, ४.३ ला युटेक्टिक, ११४७. पहिल्या दिवशी नुसत्या दोन रेषा, आठवड्याने पूर्ण. त्यावर अॅनीलिंग, नॉर्मलायझिंग, हार्डनिंग सगळं टांगता येतं, वेगळं पाठ करायला लागत नाही.

मेट्रॉलॉजीला वेळ कमी दिला, येतंय म्हणून.

अडथळे नेहमीचेच. तुळशीचं लग्न झालं की नाशकात कार्यालयं भरायला लागतात, त्याच्या चुलतबहिणीचं लग्न ओझरला नेमकं मधल्या आठवड्यात. हळदीला नाही गेला (डीजे असला की दुसरा दिवस गेलाच), लग्नाला गेला, जेवला, चार वाजता परत डब्यात हात. मामाशी मात्र त्याच्या आईला बोलावं लागलं, दोन शनिवार-रविवार सोड म्हणून, मामा चांगला माणूस, लगेच हो म्हणाला आणि वर म्हणाला की आधी सांगायचं ना. झोपेवरून त्याच्या आईशी, म्हणजे काकूंशीच माझं वाजलं, त्यांना पोरगं रात्री जागताना दिसलं नाही की अभ्यास होत नाही असं वाटायचं. मी अकराला दिवा बंद म्हणून अडून बसले. रात्री दोनपर्यंत जागून सकाळी पेपरात सूत्रांची अदलाबदल करणारी पोरं इतकी पाहिलीत की यात मी ऐकत नाही कोणाचं. शिवाय नोव्हेंबरच्या शेवटी नाशिकची थंडी अशी पडते की पहाटे पांघरुणातून निघायचंच अर्धं युद्ध असतं, उगाच रात्र ताणण्यात काय अर्थ.

पेपर सुरू झाल्यावर नवीन काही नाही, फक्त डब्यात उरलेल्या चिठ्ठ्या. सॉमचा पेपर देऊन आला तेव्हा उत्तरं जुळवत बसायला मनाई होती, दुसऱ्याच दिवशी पुढचा पेपर होता.

निकाल: पाचही सुटले. मटेरियल्स उत्तम, थर्मल अपेक्षेपेक्षा चांगलं, सॉम काठावरून जरा वर, आणि इलेक्ट्रिकल ३१. केटीचं उन्हाळ्यातलं ओझं गेलं, ते ३१ माझ्या हिशोबात सगळ्यात भारी मार्क. धक्का मेट्रॉलॉजीने दिला, जिथे साठच्या पुढे धरलेले तिथे चाळिशी. फिटर चिडला, तपासणाऱ्याने डोळे मिटून तपासलाय म्हणे. बोर्डाकडून उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवता येते, मागवली, आणि दोघं बसून ओळ न् ओळ वाचली. तपासणी व्यवस्थित होती. साइन बारची आकृती छान, पण एकाही भागाला नाव नाही. कंपॅरेटरच्या प्रश्नात तत्त्व विचारलेलं आणि याने वापरायची पद्धत लिहिलेली, दीड पान. लिमिट-फिटच्या गणितात उत्तर बरोबर पण मधल्या पायऱ्या तोंडी केलेल्या, कागदावर थेट आकडा. वर्कशॉपवर हे चालतं, तिथे जॉब बसला की झालं. या विषयाच्या चिठ्ठ्या डब्यात सगळ्यात कमी होत्या आणि त्यातल्याही बऱ्याच त्याने तोंडी सांगून टिक करून घेतल्या होत्या.

रिअसेसमेंटला (फेरतपासणीला) टाकू का म्हणून विचारत होता, मी नको म्हणलं, कारण मार्क कापलेच नव्हते, उत्तरं लिहिलीच नव्हती. फीचे पैसे ठेव आणि थिअरी ऑफ मशीन्सचं स्पेसिफिकेशन टेबल काढून आण, चौथं सेम सुरू होऊन आठवडा झालाय.